जुना ॲडजस्टेबल रेझर: किती खोलायचा, कसा धुवायचा, कुठं थांबायचं

आजोबांच्या पेटीत सापडलेला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून, मुंबईच्या चोर बाजारातून आणलेला आकड्यांचा, म्हणजे आकडा बदलून ब्लेडची फट कमी-जास्त करता येणारा रेझर बहुधा मरतो तो दुरुस्तीच्या टेबलावर. दाढी करून त्याला फारसं काही होत नाही. कुणी मूठ पकडीत धरून पिळतं, कुणी तांब्याची कळशी घासायच्या चिंचेनं तो उजळायला जातं, कुणी दारांच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालतं. साठ वर्षं टिकलेलं यंत्र अर्ध्या तासात कामातून जातं.

चुकतो तो क्रम. रेझर हातात आला की पहिला विचार येतो ‘खोलून बघू’. खरं तर आधी ओळखायचा, मग भिजवायचा, ब्रशनं साफ करायचा, वाळवायचा आणि तपासायचा. एवढं करून दोष उरलाच तर खोलण्याचा विचार. दहापैकी नऊ वेळा ‘मेकॅनिझम बिघडलाय’ म्हणतात तो बिघाड म्हणजे आत साचलेला साबण असतो.

## टप्पा १: हातात काय आहे ते ओळखा

खोलण्याच्या दृष्टीनं या रेझरांची दोन घराणी मानायची.

पहिलं अमेरिकन गिलेटचं. मुठीच्या तळाशी घुंडी, ती फिरवली की डोक्यावरची दोन दारं फुलपाखरासारखी उघडतात. डोक्याच्या खाली, मानेपाशी १ ते ९ आकड्यांची डायल. जाड मुठीचा ‘फॅटबॉय’ १९५८ ते १९६१ मधला, सडपातळ ‘स्लिम’ १९६१ ते १९६८ मधला आणि त्यानंतरचा काळ्या मुठीचा ‘सुपर ॲडजस्टेबल’. अमेरिकन बनावटीच्या या रेझरांत डोक्याच्या खालच्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा कोरलेला असतो. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. डी म्हणजे १९५८, ई म्हणजे १९५९, असं पुढं मोजत जायचं. एच आणि ३ दिसलं तर रेझर १९६२ च्या तिसऱ्या तिमाहीतला. ‘मेड इन इंग्लंड’ लिहिलेल्या रेझरला हे गणित लावू नका.

दुसरं घराणं जर्मनीतल्या झोलिंगेनच्या मर्कुर ‘प्रोग्रेस’चं. याला दारं नाहीत. डोक्यावरची टोपी अख्खी वर निघते आणि १ ते ५ आकडे तळाच्या घुंडीवर असतात.

फरक एवढ्यासाठीच सांगायचा की प्रोग्रेस खोलण्यासाठी बनवलेला आहे. गिलेट तसा नाही. त्याची दारं आणि घुंडी स्क्रूनं बसवलेली नाहीत, धातूची टोकं ठेचून कायमची बसवलेली आहेत. ग्राहकानं तो कधी उघडावा अशी कंपनीची अपेक्षाच नव्हती.

तपासा: तुमचा रेझर या दोन्हींत बसत नसेल तर प्रत्येक जोड भिंगातून पाहा. खाच असलेला स्क्रू किंवा आटे दिसले तर तो जोड उघडण्यासाठी आहे. गुळगुळीत, पसरलेलं, चपटं टोक दिसलं तर ते ठेचलेलं आहे. तिथं हत्यार लावू नका.

## टप्पा २: आधी सामान मांडा

काम सुरू झाल्यावर ओल्या हातानं कपाट धुंडाळायची वेळ आली की माणूस हाताला लागेल ते वापरतो, आणि हाताला लागतं ते नेमकं चुकीचं असतं. म्हणून हे आधीच काढून ठेवा:

- काचेची किंवा स्टीलची खोल वाटी, हाताला सोसेल इतकं गरम पाणी, भांडी घासायचं लिक्विड
- मऊ टूथब्रश आणि दातांच्या फटी साफ करायचे बारीक ब्रश (मेडिकलमध्ये मिळतात)
- लाकडी टूथपिक, कानातले कापसाचे बोळे, जुन्या मऊ सुती धोतराचा किंवा बनियनचा तुकडा
- ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल
- लिक्विड पॅराफिन, नाहीतर शिलाई मशीनचं तेल
- सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा
- रबरी हातमोजे, भिंग, विजेरी, नवं ब्लेड

आता काय काढायचं नाही तेही ऐकून ठेवा. बहुतेक गिलेट पितळेचे असतात आणि त्यांच्यावर निकेलचा फार पातळ मुलामा असतो. चिंच, लिंबू आणि पितळी भांड्यांची पावडर उघड्या पितळेसाठी ठीक, मुलाम्यासाठी नाही. आम्ल मुलाम्यातल्या बारीक छिद्रांतून खाली शिरतं आणि पितळ खातं, पावडर वरून खरवडते. टूथपेस्टमध्येही घासणारे कण असतात, त्यामुळं ‘टूथपेस्टनं काय होतंय’ हा सल्ला मनावर घेऊ नका. क्लोरीनचं ब्लीच निकेल काळवंडवतं. अमोनिया असलेला क्लीनर पितळेला आतून तडे पाडू शकतो.

सावधान: ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तर विषारी वायू तयार होतो. या कामात दोन्हींची गरज नाही, त्यामुळं दोन्ही बाथरूमच्या फळीवरच राहू द्या.

## टप्पा ३: कोरडी पाहणी आणि जुनं ब्लेड

पाणी लावण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. डायल कुठल्या आकड्यावर आहे, दारं कशी मिटतात, गार्डला (ब्लेडच्या धारेखालच्या पट्टीला) कुठं पोचा आहे, हे सगळं फोटोत यायला हवं. पुढं ‘हा ओरखडा आधीचा की माझा?’ असा प्रश्न पडतोच.

अनोळखी माणसाचा रेझर असेल तर हातमोजे घाला. आत जुनं ब्लेड असण्याची शक्यता मोठी. घुंडी हळू फिरवून दारं उघडा आणि रेझर उलटा करून ब्लेड कागदावर पडू द्या. गंजून चिकटलं असेल तर बोटानं किंवा चाकूनं उचकटू नका. गरम साबणपाण्यात अर्धा तास ठेवा, मग लाकडी टूथपिकनं आतून बाहेर ढकला. काढलेलं ब्लेड पत्र्याच्या डबीत टाका. नुसतं कचऱ्यात टाकलेलं ब्लेड कचरा वेचणाऱ्याच्या हातात घुसतं.

मुलाम्याची अवस्था याच वेळी लिहून ठेवा. पांढरट थर म्हणजे साबण आणि बोअरच्या पाण्यातले क्षार, तो निघतो. हिरवट ठिपका म्हणजे तिथला मुलामा गेला आणि खालचं पितळ गंजलं. हिरवा निघेल, पण मुलामा परत येणार नाही. पिवळसर चट्टा म्हणजे पितळ उघडं पडलंय. आधीच हे ठरवून घेतलं की नंतर त्या चट्ट्यावर तासभर घासत बसायचा मोह होत नाही.

## टप्पा ४: प्रोग्रेस असेल तर आत्ताच उघडा

गिलेटवाल्यांनी हा टप्पा सोडून पुढं जायचं.

तळाची घुंडी सैल होण्याच्या दिशेनं फिरवत राहा. टोपी तिच्या खालच्या दांड्यासकट वर सरळ निघून येते. ती काढण्याआधी टोपीची कड आणि खालचं बूड नीट पाहा. दोन्हींवर एकेक बारीक खूण असते आणि टोपी परत बसवताना त्या समोरासमोर यायला हव्यात. या रेझरबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ हेच. टोपी उलट्या बाजूनं, म्हणजे १८० अंश फिरवून बसवली जाते, घुंडीचे आकडे जुळत नाहीत आणि धनी समजतो की आटे झिजले.

टोपी निघाली की पुरे. घुंडी ओढून काढायचा प्रयत्न करू नका. आत स्प्रिंग आहे, ती साबणपाण्यानं बाहेरूनच धुतली जाते.

## टप्पा ५: भिजवणं आणि ब्रश

निम्मं काम इथं होतं आणि घाईही इथंच होते.

१. वाटीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी आणि लिक्विडचे चार-पाच थेंब घाला. उकळतं पाणी नको. सुपर ॲडजस्टेबलची काळी मूठ आणि प्रोग्रेसची प्लास्टिकची घुंडी उकळत्या पाण्यासाठी नाहीत, आणि साबणाचा थर विरघळायला तेवढ्या तापमानाची गरजही नाही.

२. दारं पूर्ण उघडून रेझर बुडवा. पाण्याखालीच घुंडी पुढं-मागं फिरवा म्हणजे मुठीतली हवा निघेल आणि पाणी आत शिरेल. बुडबुडे थांबेपर्यंत फिरवा. ही पायरी न केल्यास रेझर रात्रभर ठेवला तरी आतला भाग कोरडाच राहतो.

३. अर्ध्या तासानं काढा, टूथब्रशनं घासा. बारीक ब्रश दारांच्या बिजागऱ्यांत, गार्डच्या खालच्या खाचांत आणि डायल व मान यांच्या फटीत फिरवा. मुठीवर पकडीसाठी कोरलेल्या खवल्यांत अडकलेला काळा मळ टूथपिकनं काढा.

४. पाणी गढूळ झालं असेल. ते फेका आणि पुन्हा तेच करा. पाणी स्वच्छ राहीपर्यंत फेऱ्या करायच्या. चाळीस वर्षांचा फेस एका फेरीत निघत नाही.

जवळ चष्म्याचं ओळखीचं दुकान असेल तर तिथं अल्ट्रासॉनिक क्लीनर, म्हणजे पाण्यातल्या ध्वनिलहरींनी मळ सोडवणारं यंत्र असतं. विनंती केली तर पाच मिनिटांत जे काम होतं ते घरी दोन संध्याकाळींत होत नाही. मात्र मुलामा पापुद्र्यासारखा सुटलेला असेल किंवा आकड्यांत भरलेला रंग सैल असेल तर या यंत्रात तोही निघून जातो. असा रेझर ब्रशनंच धुवा.

एवढं करून क्षारांचा पांढरा थर उरला, आणि मुलामा धड असला, तरच एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी घ्या. तेही दोन-तीन मिनिटं, समोर उभं राहून. फोन आला तर आधी रेझर बाहेर काढा, मग फोन घ्या. लगेच भरपूर पाण्यानं धुवा, चिमूटभर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, पुन्हा धुवा. मुलामा उडालेला किंवा जस्ताच्या मिश्रधातूचा रेझर असेल तर व्हिनेगर अजिबात नको.

तपासा: घुंडी शेवटपर्यंत मोकळी फिरते का? दारं दोन्ही एकाच वेळी उघडतात-मिटतात का? एक दार मागं राहत असेल तर आणखी एक फेरी भिजवा. एवढ्यात वाकवायला जाऊ नका.

## टप्पा ६: अडकलेली डायल

पहिला नियम, आणि हा रोजच्या वापरातही लागू: डायल फिरवण्याआधी तळाची घुंडी अर्धा फेरा सैल करा. घुंडी आवळलेली असताना सगळा ताण आतल्या भागांवर असतो. त्या अवस्थेत आकडा बदलला की डायल आणि तिच्याखालचे आटे झिजतात. ‘डायल फार जड आहे’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना एवढंच सांगावं लागतं.

सैल करूनही हलत नसेल तर:

१. डायलच्या कडेला लिक्विड पॅराफिनचा किंवा गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा एक थेंब सोडा आणि रेझर रात्रभर उभा ठेवा.

२. सकाळी हेअर ड्रायरच्या मध्यम उष्णतेनं मान कोमट करा.

३. सायकलच्या ट्यूबचा पट्टा डायलभोवती गुंडाळा आणि बोटांनीच हलवा. पूर्ण फिरवायची नाही. एका बाजूला जराशी, मग दुसऱ्या बाजूला जराशी. आतला सुकलेला साबण असा भुगा होत सुटतो.

४. थोडी जरी हलली तरी पुन्हा टप्पा ५ मधलं गरम पाणी. भिजवणं आणि हलवणं आलटून-पालटून.

सावधान: पक्कड, पाना, व्हाइस यांतलं काहीही नाही. डायलचे दात पितळेचे असतात. पकडीचे ओरखडे कायम राहतात, आणि जोर लावून फिरलेली डायल पुढं ढिली पडते. तो दोष घरी दुरुस्त होत नाही.

## टप्पा ७: चमक, आणि तिचा मोह

फक्त मऊ फडकं आणि पाणी यांनी जेवढं चमकेल तेवढ्यावर आधी समाधान मानून पाहा. निकेलला क्रोमसारखी निळसर झळाळी नसतेच, ते किंचित पिवळट, ऊबदार दिसतं. पुष्कळ लोक ही नैसर्गिक छटा ‘मळ’ समजून घासत सुटतात आणि खरोखरच पितळापर्यंत पोचतात.

डाग फारच असतील तर बारीक मेटल पॉलिश, तेही मटारच्या अर्ध्या दाण्याएवढं, मऊ फडक्यावर घेऊन बोटाच्या हलक्या दाबानं. फडकं काळं होतंय म्हणून खूश होऊ नका. त्या काळ्यात मुलाम्याचाही वाटा असतो. एकदा केलं, पुरे. (गिलेटचाच सोन्याचा मुलामा असलेला ‘टॉगल’ नावाचा रेझर असेल तर पॉलिश शून्य.) मग साबणपाण्यानं पॉलिश पूर्ण काढून टाका, नाहीतर खाचांत त्याचा पांढरा गाळ सुकतो.

फिरत्या चाकाचं बफिंग तर नकोच. मुठीचे खवले गुळगुळीत होतात, आकडे पुसट होतात, तारखेचं अक्षर जातं. तसा ‘आरशासारखा’ रेझर विकायला दिसला तर त्याच्यावर काय बेतलंय हे ओळखून किंमत करा.

## टप्पा ८: निर्जंतुक करणं आणि वाळवणं

हा टप्पा मुद्दाम धुण्याच्या नंतर ठेवलाय. साबणाच्या थराखाली अल्कोहोल पोचत नाही. त्यामुळं मळक्या रेझरवर आधी अल्कोहोल ओतणं म्हणजे मनाचं समाधान. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर पृष्ठभागावर निदान सात दिवस टिकू शकतो. वर्षानुवर्षं पडून असलेल्या रेझरमध्ये धोका कमी, पण कालपर्यंत कुणी वापरलेला रेझर तुमच्या हाती आला असेल तर हे टाळू नका.

७० टक्के अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं बुडवा, मधे घुंडी फिरवा. ९९ टक्क्यांचं जास्त चांगलं असं वाटतं, पण जंतू मारायला थोडं पाणी असलेलं अल्कोहोलच बरं. आकड्यांत रंग असेल तर आधी एका आकड्यावर बोळा टेकवून पाहा. रंग बोळ्यावर आला तर बुडवू नका, नुसतं पुसा.

मग झटकून, दारं उघडी ठेवून, डोकं खाली करून रात्रभर ठेवा. मुठीच्या नळीत पाणी राहतं आणि पावसाळ्यात, त्यातही कोकणात, ते आठवडाभर आत राहू शकतं.

सावधान: अल्कोहोल पूर्ण उडून जाईपर्यंत हेअर ड्रायर किंवा गॅस जवळ नको.

## टप्पा ९: तेल

दारांच्या बिजागऱ्या, डायलची कड आणि घुंडीचा सांधा, प्रत्येकी एक थेंब. टूथपिकच्या टोकावरून सोडा म्हणजे एकच थेंब पडेल. सगळं दोन-चार वेळा फिरवा आणि बाहेर आलेलं तेल पुसून घ्या.

खोबरेल तेल घरात असतं म्हणून तेच घातलं जातं. ते थंडीत थिजतं आणि कालांतरानं चिकट होऊन धूळ धरतं. मग सहा महिन्यांनी डायल परत अडकते. मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन खवट होत नाही, आणि चेहऱ्याला लागलं तरी हरकत नाही. शिलाई मशीनचं तेल चालतं, फक्त जादा तेल नीट पुसा.

## टप्पा १०: ब्लेड घालून तपासणी

नवं ब्लेड घाला, घुंडी बोटानं लागेल इतपतच आवळा. रेझर डोळ्यांच्या रेषेत धरून खिडकीच्या उजेडाकडे पाहा. ब्लेडची धार गार्डला समांतर आहे का? दोन्ही बाजूंना सारखीच बाहेर दिसते का? १ वर, ५ वर आणि ९ वर पाहा. आकडा वाढेल तशी फट वाढायला हवी.

एका बाजूला ब्लेड जास्त बाहेर दिसलं तर लगेच रेझरला दोष देऊ नका. घुंडी सैल करून ब्लेड मधोमध सरकवा आणि पुन्हा आवळा. तरी तसंच असेल तर ब्लेड काढा, फिरवून उजवी बाजू डावीकडं आणा. तिरकेपणा ब्लेडबरोबर दुसरीकडं गेला तर ब्लेड वाकडं. रेझरच्या त्याच बाजूला राहिला तर दार किंवा गार्ड वाकलेलं. प्रोग्रेसमध्ये असं झालं, किंवा घुंडी पूर्ण आवळूनही १ चा आकडा खुणेशी आला नाही, तर टोपी काढून १८० अंशांनी फिरवून बसवा.

वाकलेलं गार्ड सरळ करायचा मोह प्रत्येकाला होतो. थोडासा फरक असेल तर कमी आकड्यावर, चांगल्या बाजूनं दाढी करा आणि सोडून द्या. जुनं पितळ एकदा वाकलेलं असतं. उलट वाकवलं की तिथंच तडा जातो.

## गिलेट पूर्ण खोलायचाच असेल तर

माझ्या मते याला एकच पटणारं कारण आहे: नवा मुलामा. मुलामा देणाऱ्याला सुटे भाग मिळाले नाहीत तर रसायनं नळीत अडकतात आणि आतून गंज सुरू होतो. नुसतं ‘आत कसं आहे ते पाहायचंय’ हे कारण असेल तर फुटकळ किमतीत मिळालेला, गार्ड तुटलेला दुसरा रेझर त्यासाठी घ्या.

ठेचलेली टोकं उघडताना ती थोडी फाटतात, परत ठेचताना आणखी पातळ होतात. म्हणजे असा रेझर एकदा, फार तर दोनदा उघडता येतो. हे काम घड्याळजी किंवा बारीक धातुकाम करणारा सोनार करू शकेल, पण त्याला हा प्रकार माहीत नसणार. त्याच्याकडं जाताना टप्पा ३ मधले फोटो न्या, आणि डायल, मान व डोकं यांच्यावर एका रेषेत बारीक मार्करची खूण करून न्या. परत बसवताना डायल एक दात जरी सरकली तर आकडे खोटे होतात.

मुलामा देणाऱ्याला द्यायच्या आधी तीन गोष्टी लेखी ठरवा: बफिंग मुठीच्या खवल्यांवर आणि आकड्यांवर करायचं नाही, मुलामा निकेलचाच द्यायचा, आणि स्प्रिंगा सोडून फक्त पितळी भाग टाकीत जातील. खर्च आधी विचारा. बऱ्याच वेळा तेवढ्या पैशांत चांगल्या अवस्थेतला दुसरा स्लिम मिळतो.

## पहिली दाढी

डायल २ वर. त्वचेवर रेझरचं वजन पुरे, दाब नको. केस सुटत नसतील तर घुंडी अर्धा फेरा सैल, डायल ३ वर, घुंडी परत आवळायची. ९ वरून सुरुवात करून खाली येणारे लोक असतात. त्यांनी तुरटी हाताशी ठेवावी.

दाढी झाली की दारं उघडून नळाखाली धरा, झटका, आणि दारं अर्धवट उघडी ठेवूनच रेझर कोरड्या जागी ठेवा. घुंडी आवळून ठेवू नका.